वणव्याचा मेसेज येतो, पण कधी?

फेब्रुवारी लागला की साताऱ्याभोवतीच्या यवतेश्वर, अजिंक्यतारा, जरंडेश्वरच्या उतारांवरचं गवत वाळून कडक होतं आणि कुठून ना कुठून धूर निघतोच. विझवायला धावणाऱ्या गटांसाठी उपग्रहावरून सूचना देणाऱ्या दोन फुकट सेवा आहेत: भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे एसएमएस आणि नासाच्या ‘फर्म्स’चे ईमेल. दोन्ही घ्या. पण त्यांच्या भरवशावर डोंगरावरची नजर काढू नका.

एसएमएससाठी मोबाइल नंबर देऊन राज्य, जिल्हा निवडला की झालं. हे मेसेज वनहद्दीतल्या आगीचे असतात. मालकीच्या पडीक डोंगरावर पेटलं तर इथे शांतताच. ती उणीव फर्म्स भरून काढतं. तिथे नकाशावर आपला भाग स्वतः आखता येतो, आणि तो आखाच. आळस करून अख्खा जिल्हा घेतला की ऊस तुटल्यावर कृष्णाकाठचं पाचट पेटू लागतं, मेलचा पाऊस पडतो आणि आठवडाभरात कुणी मेल उघडेनासं होतं. रोज त्याच जागी ठिपका येत असेल तर आधी तिथे वीटभट्टी आहे का ते बघा.

मेलमधली वेळ आपली नसते, ग्रिनिचची (यूटीसी) असते. ०८०५ दिसलं तर साडेपाच तास मिळवा, म्हणजे दुपारचे १ वाजून ३५ मिनिटं. नवखा माणूस सकाळची आग समजून मेल सोडून देतो. ठिपका म्हणजेही आगीची नेमकी जागा नव्हे. तो ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य, म्हणजे साधारण ३५ एकरांत कुठेही. सपाटीवर चालून जातं. घाटात मात्र आग धारेच्या पलीकडे निघाली तर तासाची पायपीट वाया. समोरच्या टेकडीवरून धूर बघून मगच चढा.

खरी गोची वेळेची. बारीक नोंद घेणारे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या आगेमागे जातात. चार वाजता कुणी चांगलं गवत येईल म्हणून काडी लावली, तर ती आग रात्रीपर्यंत त्यांना दिसतच नाही. त्यावर फर्म्सची माहिती यायला तीनेक तास लागू शकतात. गवताचा उतार तेवढ्यात जळून काळाही होतो. झाडीतला, दोन-दोन दिवस धुमसणारा वणवा असेल तर मात्र सूचना वेळेत हाती पडते.

म्हणून धूर दिसला की मेलची वाट न बघता वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. अक्षांश-रेखांश वाचून दाखवण्याआधी गाव, खिंड, वाट सांगा. वनरक्षकाला तेच लगेच कळतं.

मग या सेवेचा उपयोग काय? नोंदीचा. जुने ठिपके फर्म्सवरून उतरवून घेता येतात. तीन-चार वर्षांचे एकावर एक टाकले की आग दरवर्षी कुठल्या रस्त्याच्या वळणावरून, कुठल्या बांधावरून वर चढते ते उघडं पडतं. सागरेश्वर अभयारण्य १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे ३७५ मीटरचे पाऊणशेच चौकोन. एका बैठकीत काम होतं. तो नकाशा घेऊन डिसेंबरातच वनपरिक्षेत्र कार्यालयात जा आणि जाळरेषा (आग अडवायला गवत आधीच काढून मोकळा केलेला पट्टा) तिथूनच काढायला सांगा. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम लागल्यावर गेलात तर मजूर दुसऱ्याच उतारावर असतात.