कूपेचा टप कापण्याआधी: उचलतं पॅनल, टी-टॉप, टार्गा की सरळ दुसरी गाडी?

बंद छताच्या स्पोर्ट्स कूपेचा आकार आवडतो, पण हवा छान असली की डोक्यावर आभाळही हवं वाटतं. अशी गाडी दारात असलेल्या बऱ्याच जणांच्या मनात कधी ना कधी ग्राइंडर फिरून जातो. मार्ग मोजकेच आहेत. छताच्या मधोमध उचलून काढता येईल असं पॅनल बसवायचं. किंवा मधला दांडा ठेवून दोन्ही बाजूंना काढती झाकणं करायची, म्हणजे टी-टॉप. किंवा पुढच्या काचेपासून मागच्या कमानीपर्यंतचं सगळं छत एका तुकड्यात निघेल असं करायचं, म्हणजे टार्गा. किंवा तुमच्याच मॉडेलच्या, कारखान्यातून उघड्या छतासह आलेल्या गाडीचा वरचा भाग आणून जोडायचा. आणि शेवटचा मार्ग, आपली कूपे विकून तशी गाडी घ्यायची.

यांत निवड करताना किंमत, दिसणं, पाणी गळणं हे सगळं मी नंतर बघतो. आधी एकच बघतो: बाजूची रेल कापली जाणार का? दाराच्या काचेच्या वरून, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत जाणारी ती पोकळ पेटीसारखी पट्टी. छताचा पत्रा पातळ असतो, तो कापून पुन्हा लावता येतो. रेल कापली की गाडीची ठेवणच बदलते.

कारण समजून घ्यायला बांबू पुरेसा आहे. अख्खा बांबू दोन टोकांना धरून पिळा, हलत नाही. तोच उभा चिरला की हातात सहज पिळला जातो. लाकूड जवळपास तेवढंच राहतं, पण नळीचा वेढा तुटलेला असतो. मोनोकॉक गाडीत वेगळी चासी नसते, सगळी बॉडीच भार उचलते. उंबरे, खांब, रेल आणि छत मिळून तो वेढा पूर्ण करतात. एक चाक खड्ड्यात गेलं की बॉडीला पीळ बसतो आणि छत तो पीळ अडवतं. छत आणि रेल गेल्यावर हे काम दाराखालचे उंबरे आणि दोन सीटांमधून लांबीने जाणारा तळाचा उंचवटा, म्हणजे मधला बोगदा, यांच्यावर पडतं, आणि कूपेत ते तेवढ्या भारासाठी बनवलेलेच नसतात.

बनवणाऱ्यांनाही हे सोपं गेलं नाही

टी-टॉपचं पेटंट अमेरिकन मोटार-रचनाकार गॉर्डन ब्युरिग यांना 1951 मध्ये मिळालं. त्याआधी 1948 च्या टॅस्को या नमुन्याच्या गाडीवर त्यांनी ही कल्पना उतरवली होती. पण खरा धडा मिळतो शेवरोले कॉर्व्हेटमध्ये. 1968 च्या तिसऱ्या पिढीत सबंध छत निघावं असाच विचार होता. बॉडी पिळते, कुरकुरते हे लक्षात आलं आणि मधे उभा दांडा घालावा लागला. 1984 च्या चौथ्या पिढीत उलट झालं: टी-टॉप म्हणून आखलेल्या गाडीचा मधला दांडा उशिरा काढून टाकला गेला, आणि गेलेला कडकपणा परत आणायला दाराखालचे उंबरे वाढवावे लागले. त्या गाडीत बसताना पाय उंच उचलून आत टाकावा लागतो, तो त्याच निर्णयामुळे. छताचं पॅनलही चार बोल्टांनी आवळलेलं असतं, म्हणजे ते सुद्धा थोडा भार उचलतं.

1997 ची पाचवी पिढी पहिल्यापासून उघडी गाडी गृहीत धरून आखली, खालचा सांगाडा भक्कम केला, आणि मग काढतं छत निर्धास्तपणे देता आलं. तरीही 1999 मध्ये त्यांनी पक्क्या छताची कूपे वेगळी काढली, आणि 2001 ची जास्त ताकदीची झेड-झीरो-सिक्स त्याच बॉडीवर उभी राहिली. ताकद आणि पकड वाढवायची वेळ आली तेव्हा त्यांनी बंद छत निवडलं, यातून बरंच कळतं.

पोर्शे 911 टार्गा 1965 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली. पूर्ण उघड्या गाड्यांवर अमेरिकेत बंदी येईल अशी भीती तेव्हा होती, म्हणून मागे रुंद कमान ठेवली. त्याही आधी, 1961 च्या ट्रायम्फ टीआर4 ला मागची पक्की काच आणि मधलं काढतं पॅनल मिळत होतं, आणि तिला ते झेपलं कारण तिच्याखाली वेगळी चासी होती. तुमच्या गाडीखाली स्वतंत्र चासी किंवा मधला कणा असेल तर पुढचं सगळं थोडं सौम्य करून वाचा. मोनोकॉक असेल तर जसंच्या तसं.

मधोमध उचलतं पॅनल

दोन्ही रेल, पुढची आडवी पट्टी आणि मागची आडवी पट्टी, चारही शाबूत राहतात. कापला जातो तो फक्त पत्रा आणि त्याखालचा एखादा आडवा ताण, म्हणजे मजबुतीची पट्टी. भोकाभोवती पोलादी चौकट नीट वेल्ड केली तर कडकपणात पडणारा फरक किरकोळ असतो. डोक्यावर आभाळ येतं, खांद्याशेजारी येत नाही. बसल्या जागेवरून वर बघितलं तर समाधान होतं, बाजूला बघितलं तर गाडी बंदच वाटते. पोर्शे 924 आणि 944 ला असं उचलून काढायचं पॅनल कारखान्यातूनच मिळायचं, आणि त्या गाड्यांना ते शोभतं.

मोठा फायदा असा, की हे काम उलटवता येतं. पुढे मन बदललं किंवा विकायची वेळ आली तर नवा पत्रा बसवून छत पूर्ववत करता येतं. पहिल्यांदाच असं काम करवून घेणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवीन.

टी-टॉप

1970 च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार बाहेरून बसवून देण्याचा मोठा धंदा होता. 1976 च्या पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲमच्या मर्यादित आवृत्तीवर हर्स्ट हॅचेस नावाची झाकणं आली आणि त्यांची गळती बदनाम झाली. 1978 पासून त्या जागी कारखान्याच्या स्वतःच्या घडणीची झाकणं आली. पुढे डॅटसन 280 झेडएक्स, टोयोटा एमआर2, निसान 300 झेडएक्स यांनी टी-टॉप कारखान्यातूनच दिले.

यात मधला दांडा राहतो, पण दोन्ही बाजूंच्या रेल जातात. तो दांडा पुढची काच मागच्या खांबाशी जोडून ठेवतो, त्यामुळे बॉडी वाकण्याला अडवतो. पीळ अडवायला मात्र तो अपुरा पडतो, कारण एकटा आहे आणि मधोमध आहे. उंबरे आतून मजबूत केल्याशिवाय टी-टॉप करू नये, असं माझं ठाम मत आहे. नुसती भोकं पाडून झाकणं बसवलेल्या गाडीत काही काळाने खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग थरथरू लागतं. चाकं साधारण सेकंदाला 10 ते 15 वेळा उसळतात. बॉडी ढिली झाली की तिची स्वतःची थरथर या आकड्याजवळ सरकते आणि दोघी एकमेकींना साथ देतात. नुसते शॉक ॲब्सॉर्बर बदलून हे जात नाही.

टार्गा

दिसायला सगळ्यात देखणा आणि करायला सगळ्यात अवघड. रेल गेल्या, मधला दांडाही गेला. उरते ती पुढच्या काचेची चौकट आणि मागची कमान. बाहेरून हे करायचं तर यादी लांबते: उंबऱ्यांच्या आत दुसरी पेटी किंवा जाड नळी, मागच्या खांबात दोन्ही बाजूंना जोडणारी कमान, पुढच्या खांबाच्या बुडाशी जाड पत्रे, खाली आडवे-तिरपे ताण. वजन वाढतं. छत काढून गाडी हलकी होईल असा अनेकांचा समज असतो. नीट केलेल्या कामात ती जड होते.

मग वारा. धावत्या गाडीच्या छतावर हवेचा दाब कमी होतो आणि पॅनल वर ओढलं जातं. ताशी 120 किलोमीटरला, 0.8 चौरस मीटरच्या पॅनलवर ही ओढ ढोबळ हिशेबाने 25 ते 50 किलो वजनाइतकी भरते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. म्हणून कड्या भरवशाच्या हव्यात, निदान चार हव्यात, आणि त्या पॅनलच्या फायबरमध्ये अडकवलेल्या नकोत. आत धातूची पट्टी घालून तिच्यात बसवलेल्या हव्यात.

पाणी आणि दारं

टी-टॉप आणि टार्गा, दोन्ही प्रकारांत लोक रबरावर फार विसंबतात. चांगल्या रचनेत रबर पाणी कमी करतं आणि त्याच्या मागची पन्हळ उरलेलं पाणी गोळा करून नळीतून खाली सोडते. म्हणजे थोडं पाणी आत येणारच असं धरून रचना केलेली असते. बाहेरच्या कामात पन्हळ बहुधा गाळली जाते, मग रबर कितीही महाग आणा, पहिल्या मोठ्या पावसात मांडीवर थेंब पडतात. कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारा: पन्हळ कुठून जाणार आणि नळी कुठे उघडणार? उत्तर चाचरत आलं तर तिथून निघा.

दाराच्या काचेला चौकट आहे का, तेही आधीच बघा. बिनचौकटीच्या दारात काच थेट छताच्या रबरावर टेकते, तिथे टी-टॉप किंवा टार्गा शक्य होतो. चौकटीचं दार असेल तर छत काढल्यावर ती चौकट हवेत उभी राहते. ती कापायची म्हणजे काचेची वाट, तिचा आधार, रबर, सगळं नव्याने करायचं. अशा गाडीत उचलत्या पॅनलवर थांबलेलं बरं.

नव्या गाड्यांबद्दल तर चर्चाच नको. रेलमध्ये पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात, आणि खांब-रेल अतिकठीण पोलादाच्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पोलाद नेमकं जोडाशेजारी मऊ पडतं. अशा गाडीची रेल कोणीही कापू नये, कितीही नावाजलेला कारागीर असला तरी.

दुसऱ्या गाडीचं छत आणून जोडणं

तुमच्याच मॉडेलची टार्गा किंवा टी-टॉप आवृत्ती निघत असेल, तर अपघातात मागून-पुढून चेपलेल्या अशा गाडीचा वरचा भाग मिळवून जोडता येतो. पॅनल, कड्या, रबर, पन्हळ सगळं मूळ घडणीचं येतं, पाण्याचा प्रश्न जवळजवळ सुटतो. पण वरचा भाग आणला म्हणजे टार्गा झाली असं होत नाही. दोन्ही आवृत्त्यांचे सुट्या भागांचे कॅटलॉग शेजारी ठेवा आणि उंबरे, तळाचा पत्रा, पुढच्या काचेखालची पट्टी, मागचे खांब यांचे भाग क्रमांक ताडून पाहा. जिथे क्रमांक वेगळे, तिथे कंपनीने जास्तीची मजबुती घातली आहे आणि तुम्हालाही ती घालावी लागेल. क्रमांक फारच वेगळे निघाले तर सरळ पुढचा मार्ग धरा.

विकून दुसरी घेणं

हा मार्ग कंटाळवाणा वाटतो, पण बहुतेकांसाठी तोच योग्य आहे. टोयोटा सुप्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत, 1995 पासूनच्या होंडा एनएसएक्स-टीमध्ये, फेरारी 308 जीटीएसमध्ये, फियाट एक्स1/9 मध्ये हे काम कारखान्याने केलेलं आहे. फियाटमध्ये तर पॅनल पुढच्या डिकीत नेमकं बसतं. छत काढल्यावर ते ठेवायचं कुठे, हे घरी केलेल्या कामात शेवटी आठवतं.

शिवाय तुमची बंद छताची गाडी आज जास्त मागणीत असू शकते. 300 झेडएक्स, सुप्रा, एनएसएक्स यांच्या बंद आवृत्त्या ट्रॅकवर जाणारे मुद्दाम शोधतात. कापलेल्या गाडीला ना हे गिऱ्हाईक मिळतं, ना मूळ टार्गा शोधणारं. विमा आणि नोंदणी यांचंही बघा: बॉडीचा भार उचलणारा भाग कापला की बहुतेक ठिकाणी नव्याने तपासणी करून घ्यावी लागते, आणि ती झाली नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद होऊ शकतो.

तेव्हा मी असं सांगेन. मोनोकॉक कूपे असेल आणि ती मनापासून आवडत असेल तर रेल राखून उचलतं पॅनल. मोकळं आभाळ हवंच असेल तर कारखान्याची टार्गा. टी-टॉप तेव्हाच, जेव्हा गाडी जुनी आहे, दारं बिनचौकटीची आहेत आणि उंबरे मजबूत करून देणारा माणूस हाताशी आहे. घडवलेला टार्गा फक्त स्वतंत्र चासीच्या गाडीवर, किंवा पूर्ण दुसरी गाडी कापायला मिळाली तर.

रेल कापायचं पक्कं ठरलंच असेल तर क्रम मोडू नका. गाडी लिफ्टवर नको, स्वतःच्या चाकांवर सपाट जमिनीवर उभी करा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी टेके वेल्ड करा. उंबरे आधी मजबूत करा, मग छत कापा, आणि प्रत्येक टप्प्यावर कर्ण पुन्हा मोजा. कापलेल्या प्रत्येक कडेला आतून प्रायमर आणि पोकळीत मेण गेलं पाहिजे, कारण गंज तिथूनच सुरू होतो. रंग देण्याआधी टेके काढा, छत काढलेलं ठेवून एका कोपऱ्याखाली जॅक लावून चाक उचला आणि दोन्ही दारं उघडून लावून बघा. दार घासलं किंवा कुलूप अडलं तर उंबऱ्याचं काम अजून बाकी आहे, रंगाचा डबा उघडू नका.