मोसंबीच्या बागेतील इनलाइन ठिबक संच : वापरानंतरचे मत

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, हे आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. त्यामुळे विहीर आणि शेततळ्याच्या भरवशावर नवी बाग लावताना ठिबक घ्यायचे, हे आधीच ठरले होते. आम्ही १६ मिलिमीटरची इनलाइन नळी, म्हणजे आतच ड्रिपर (थेंबाथेंबाने पाणी सोडणारे भाग) बसवलेली, प्रत्येक ड्रिपरमधून तासाला ४ लिटर पाणी देणारी नळी निवडली आणि ओळीच्या दोन्ही बाजूंनी तिच्या लॅटरल (झाडांच्या ओळीने जाणाऱ्या नळ्या) अंथरल्या, कारण मुळ्या खोडापासून दूर पसरतात आणि खोडाशी सतत ओल राहिली तर डिंक्या रोग (खोडातून डिंक वाहण्याचा रोग) बळावतो.

नळीबद्दल पूर्ण समाधान आहे. भर उन्हात राहूनही ती तडकलेली नाही. खारींनी कुरतडलेल्या जागी जॉइनर बसवावे लागले, पण त्याचा दोष नळीला देता येणार नाही.

जोडणी करणाऱ्या विक्रेत्याबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. कोटेशनमध्ये सँड फिल्टर (वाळूतून पाणी गाळणारा फिल्टर) दाखवून प्रत्यक्षात त्याने केवळ जाळीचा फिल्टर बसवला आणि पाण्याचा दाब दाखवणारे प्रेशर गेजही लावले नाही. शेततळ्यातील शेवाळ जाळीला आवरत नाही. शेवटच्या ओळींतील झाडे कोमेजू लागली, तेव्हा ड्रिपरखाली बाटली ठेवून मोजले: १५ मिनिटांत १ लिटर पाणी जमायला हवे, सबमेनजवळ (लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या उपमुख्य नळीजवळ) तेवढे जमले, टोकाला पाऊण लिटरही नाही. नळीच्या टोकाचे झाकण (एंड कॅप) उघडताच हिरवट, बुळबुळीत गाळ बाहेर आला. वारंवार पाठपुरावा केल्यावर सँड फिल्टर बसला, नळ्या धुतल्या आणि दोन्ही टोकांचे माप जवळपास सारखे झाले. विहिरीच्या पाण्यात क्षार असतील तर अधूनमधून आम्लप्रक्रियाही (नळ्यांत आम्ल सोडून साचलेले क्षार विरघळवणे) करावी लागते. ती करून दाखवण्याची जबाबदारी विक्रेत्याने घ्यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना राज्याच्या पूरक वाट्यासह ८० टक्के, तर इतरांना ७५ टक्के मिळते. परंतु ते शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असते, बिलाच्या रकमेवर नव्हे. पूर्वसंमतीआधी खरेदी करू नये.

संच जरूर घ्यावा. मात्र कोटेशनमधील प्रत्येक वस्तू शेतात बसलेली पाहून आणि टोकाच्या ड्रिपरचे पाणी विक्रेत्यासमोर मोजूनच शेवटचा हप्ता द्यावा.