वॉरबँडचे सात महिने: सोळा सोबती आणि माझी पागा

परवा रात्री साडेबाराला मी एका गेममध्ये मार्निडसाठी बूट शोधत होतो. माल लुटला गेला आणि हा व्यापारी दारूच्या गुत्त्यात येऊन अडकला, तिथून मी त्याला उचलला. अंगावर चांगलं साखळी चिलखत, डोक्याला लोखंडी टोप, आणि पायात अजून लोकरी मोजे. बायको पाणी प्यायला उठली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अजून लढाई सुरू नाही झाली का?" झाली होती, तासाभरापूर्वी संपलीही होती. आता लुटीची वाटणी चालू होती, आणि या गेममध्ये मला लढाईपेक्षा तीच जास्त वेळ खाते.

गेम म्हणजे 'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड'. तुर्कस्तानातल्या अंकाऱ्याच्या टेलवर्ल्ड्सने तो २०१० साली आणला. सोळा वर्षांचा म्हातारा आहे, चेहरे बघून हसू येतं, पण माझा लॅपटॉपही त्याच पिढीचा, त्यामुळे दोघांचं जमतं. कॅल्रेडिया नावाचा काल्पनिक मध्ययुगीन प्रदेश, त्यात सहा राज्यं. आपण एक घोडा आणि एक गंजकी तलवार घेऊन सुरुवात करायची. गोष्ट अशी काही नाही. फौज जमवा, लढा, कोणाची तरी चाकरी करा, जमलं तर स्वतःच राजा व्हा. लढाई कशी आहे, तलवार चार दिशांनी कशी फिरते, हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल. मी लिहितोय ते सोबत्यांबद्दल, म्हणजे गेम ज्यांना कंपॅनियन म्हणतो त्यांच्याबद्दल. पहिले दोन महिने मी त्यांना नुसतं 'जरा बरे सैनिक' समजत होतो आणि सतत हरत होतो.

आपल्याकडे मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. बारगीराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं. वॉरबँडमध्ये गावातून भरती केलेले साधे सैनिक आपापल्या वेशात येतात, वरच्या दर्जाला चढले की गेमच त्यांना नवं चिलखत घालतो, आपण बोट लावायचं नाही. सोबती मात्र शंभर टक्के बारगीर. तुम्ही द्याल तेच घालणार, द्याल तोच घोडा. दिलं नाही तर मोज्यांवर लढणार. हे डोक्यात बसलं आणि गेम उलगडला.

असे सोबती एकूण सोळा. ते शहरांच्या गुत्त्यांमध्ये बसलेले असतात आणि जागा बदलत राहतात. गुत्त्यात कधी एखादा प्रवासी भेटतो, त्याला ३० दिनार दिले की हवा तो माणूस कुठे आहे ते सांगतो. मी सुरुवातीला कंजूसपणा करून शहरामागून शहर पालथं घातलं, त्यात फौजेच्या पगारावरच त्याच्या कितीतरी पट गेले. ३० दिनार द्या. वैद्य जेरेमस एक छदामही न मागता येतो, लेझालित आधी मोजून घेतो. प्रत्येकाची एक कहाणी आहे. यिमिरा लग्न टाळून घरातून पळालेली व्यापाऱ्याची मुलगी. फिरेंतिसच्या हातून सख्खा भाऊ मारला गेलाय आणि ते ओझं तो वागवत फिरतोय. बोर्चावर घोडेचोरीचा आळ आहे (आळ म्हणणं हा माझा सभ्यपणा). आणि बुंडुक. नाव वाचून मला वाटलं आता गोळ्या झाडतो, पण या जगात बंदूकच नाही, तो क्रॉसबोवाला (खटक्यावर बाण सोडणारं आडवं धनुष्य) निघाला.

आता साज चढवणं. माझी पहिली चूक म्हणजे मी सगळा पैसा हत्यारांत घातला. भारी तलवार दिली की माणूस भारी होईल ही आपली समजूत. प्रत्यक्षात सोबती मरत नाहीत, फक्त बेशुद्ध पडतात, पण पडले की त्या लढाईपुरते गेले, आणि पडतात ते चिलखत हलकं असतं म्हणून. आता माझा क्रम ठरलेला आहे: आधी घोडा, मग अंगातलं चिलखत, टोप, ढाल, आणि हत्यार सगळ्यात शेवटी. तलवार लुटीत मिळेल ती चालते.

घोड्यात एक गणित आहे, ते न कळल्यामुळे मी एक महागडा चार्जर (जड लढाऊ घोडा) आठवडाभर सामानात वाहून नेला. प्रत्येक चांगल्या घोड्याला ठरावीक रायडिंग, म्हणजे घोडेस्वारीचं कौशल्य, लागतं: कोर्सरला २, हंटरला ३, चार्जरला ४. आणि कुठलंही कौशल्य त्याच्या मूळ गुणाच्या एक तृतीयांशापलीकडे वाढत नाही. म्हणजे रायडिंग ४ हवं तर चपळता १२ पाहिजे. मार्निडची नव्हती. त्याला चार पातळ्या चढवेपर्यंत तो घोडा माझ्या खांद्यावर.

हत्यारांना चार खणं असतात. आपण खेळताना चाकाने हत्यार बदलतो, सोबती मात्र स्वतःच्या अकलेने बदलतात, आणि ती अक्कल बेताची आहे. देशावी तिरंदाज आहे म्हणून मी तिला लांब धनुष्य दिलं आणि घोडाही दिला. लांब धनुष्य घोड्यावरून चालतच नाही. बिचारी पूर्ण लढाई पाठीला धनुष्य लावून छोटी तलवार परजत फिरली. बुंडुकला जड क्रॉसबो आणि घोडा दिला. त्याने एक बाण मारला, पुढचा भरायला घोड्यावर जमेना. मग मी एक नियम केला: तिरंदाज पायी, किंवा घोड्यावर असेल तर त्या घोड्यावर चालणारंच हत्यार. भाल्याचंही तसंच. घोडा धावता असेपर्यंत लांब भाला म्हणजे धमाल, घोडा पडला की तोच भाला घेऊन माणूस चिखलात उभा. म्हणून भालेकऱ्याच्या दुसऱ्या खणात एकहाती तलवार आणि तिसऱ्यात ढाल असायलाच हवी. किल्ल्यावर चढाई करताना सगळेच पायी असतात, शिडीवर समोरून ऱ्होडोक राज्याच्या सैनिकांचे क्रॉसबो, तिथे ढाल नसलेला दुहाती कुऱ्हाडवाला पहिल्या मिनिटाला आडवा.

आणखी एक, जे मला फार उशिरा सुचलं. एका-दोघांना मुद्दाम गदा किंवा हातोडा द्या. धार नसलेल्या हत्याराने माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो, म्हणजे कैदी मिळतो. तिहर शहरातला रामुन नावाचा गुलामांचा व्यापारी कैद्यामागे ५० दिनार देतो, गुत्त्यातले खंडणीवाले दलाल मोठ्या दर्जाच्या कैद्याला त्याहून जास्त. नैतिकतेचं तुम्ही बघा, माझ्या फौजेचा पगार त्यावर निघतो.

या सगळ्यात सर्वात कंटाळवाणा भाग म्हणजे वाटणी. प्रत्येक सोबत्याशी वेगळं बोलायचं, 'तुझं सामान दाखव' म्हणायचं, खिडकी उघडते, एकेक वस्तू ओढून टाकायची, बंद करायचं, पुढचा. आठ माणसं असतील तर आठ वेळा. मूळ गेममध्ये 'सगळ्यांना आपोआप चांगलं ते घाल' अशी सोय नाही. फ्लोरिस नावाच्या मॉडमध्ये (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) आहे. मी एकदा वापरली आणि परत मूळ गेमवर आलो. का, ते नीट सांगता येत नाही. 'जाड' ढाल, 'लॉर्डली' चिलखत असं काही लुटीत दिसलं की हे कोणाला द्यायचं यावर पाच मिनिटं घालवायची, हीच मजा असावी. माझं जुनं चिलखत फिरेंतिसला, त्याचं बोर्चाला, बोर्चाचं मार्निडला. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, अगदी आमच्या घरासारखं.

कौशल्यांच्या बाबतीत मात्र वाटणी एकदाच करायची आणि ठाम राहायचं. शस्त्रक्रिया, जखमा भरणं, वाट काढणं, माग काढणं, व्यापार ही पूर्ण पथकाची कौशल्यं आहेत: ज्याचा आकडा सर्वात मोठा त्याचाच धरला जातो, बेरीज होत नाही. म्हणजे चौघांनी थोडं थोडं वैद्यक शिकणं म्हणजे तीन माणसांची मेहनत पाण्यात. एकाने एकच धरायचं. जेरेमसकडे वैद्यक, बोर्चाकडे वाट आणि माग, मार्निडकडे व्यापार. शस्त्रक्रियेच्या प्रत्येक पातळीमागे प्राणघातक वार झालेला सैनिक मरण्याऐवजी नुसता जखमी होण्याची शक्यता ४ टक्क्यांनी वाढते. दहावर नेलं तर ४० टक्के. वरवर छोटं वाटतं, पण महिनाभर वाढवलेले स्वाडिया राज्याचे नाइट (वरच्या दर्जाचे घोडेस्वार) गमावायचे की वाचवायचे ते त्यावर ठरतं. स्वतःलाही थोडं शिकवा: पुढाऱ्याकडे तेच कौशल्य २ असेल तर पथकाच्या आकड्यात १ वाढतो. प्रशिक्षण हा अपवाद, तिथे प्रत्येकाचं वेगळं धरलं जातं, पण शिकवणाऱ्यापेक्षा खालच्या पातळीचेच शिकतात.

मार्निड आणि यिमिरा अगदी पहिल्या पातळीवर येतात, म्हणून बरेच जण त्यांना घेत नाहीत. मी उलट सांगेन. कोरी पाटी मिळते. इंजिनिअर म्हणून आर्टिमेनर तयार मिळतो, पण त्याचं जेरेमसशी पटत नाही, मग मी यिमिराची बुद्धिमत्ता वाढवत नेली (या गुणाचा फायदा असा की तो वाढवला की एक जास्तीचं कौशल्यही मिळतं) आणि तिलाच किल्ल्याच्या शिड्या बांधायला लावलं. लग्न नको म्हणून पळालेली मुलगी आता वेढ्याचे मनोरे उभारते.

आणि वैद्याला पुढे पाठवू नका! हे मी तीन हरलेल्या लढायांनंतर शिकलो. जेरेमस लढाईत बेशुद्ध पडला की त्याचं वैद्यक त्या वेळी मोजलंच जात नाही. ज्या लढाईत सर्वात जास्त माणसं पडणार, नेमक्या त्याच लढाईत वैद्य आडवा. आता पथकाच्या यादीत त्याला तळाशी ठेवतो, म्हणजे मोठ्या लढाईत पहिल्या फळीत तो येतच नाही. आला तरी त्याचा वेगळा गट केलेला आहे: एफ-१ दोनदा दाबून टेकडीवर उभा. त्याला लोखंडी चिलखत घातलंय, घोडा चपळ दिलाय, पळता यावं म्हणून.

भांडणं हा भाग मी आधी गंमत समजत होतो. प्रत्येकाचं काही जणांशी मुळीच पटत नाही. लेझालित सरदाराचा मुलगा, कवायत घेणारा, फटके मारून शिस्त लावणारा. बुंडुक हा साध्या शिपायांतला, अशाच वरच्या माणसाशी वाजल्यामुळे नोकरी सोडून आलेला. मी दोघांना एकत्र ठेवलं, कारण एक प्रशिक्षक आणि एक निशाणबाज, कागदावर उत्तम. दर दुसऱ्या लढाईनंतर बुंडुक येऊन कुरकुरायचा. मी 'बघतो' म्हणून सोडून द्यायचो, ऑफिसात म्हणतो तसं. वर त्याच आठवड्यात धान्य संपलं, एका लढाईतून मी माघार घेतली, आणि एका सकाळी तो आला आणि म्हणाला की निघतो. अंगावर माझं सर्वात चांगलं पायदळी चिलखत होतं. दोन महिन्यांनी, गेममधले महिने, तो दुसऱ्या शहरात भेटला. मी लेझालितला निरोप दिला आणि याला परत घेतलं.

तेव्हापासून माझा चमू असा: जेरेमस, बोर्चा, मार्निड, बुंडुक, फिरेंतिस, यिमिरा. या सहांमध्ये कोणाचंही कोणाशी वाकडं नाही. देशावीला मात्र सोडावं लागलं, तिचं बोर्चाशी जमत नाही, आणि तीही वाट काढणारीच, मला तसा एकच पुरतो. मनाने थोडं खाल्लं. बाकी जपायचं ते जेवण: पथकात तीन-चार प्रकारचे पदार्थ ठेवले की मनोबल वर राहतं, आणि मनोबल वर असेल तर माणसं बारीकसारीक गोष्टी गिळतात.

राजा झाल्यावर सोबत्यांना जहागीर देऊन सरदार करता येतं. मी अजून तिथे नीट पोचलेलो नाही, एकदा पोचलो आणि राज्य गमावलं. एवढं कळलं की साध्या घरातल्या माणसाला जहागीर दिली तर बाकीचे सरदार नाकं मुरडतात. त्यामुळे फिरेंतिस, अलायन यांच्यासारखे खानदानी लोक तिथे सोयीचे, आणि ज्या मार्निडने पैसा उभा केला तो दाराबाहेर.

पुढचा भाग, बॅनरलॉर्ड, २०२२ मध्ये पूर्ण रूपात आला. मित्राच्या मशीनवर थोडा खेळलो. तिथे सोबती मरू शकतात, काफिले चालवतात, शहरांचा कारभार बघतात, यंत्रणा म्हणून कितीतरी मोठं आहे. पण तिथले सोबती गेम दर वेळी नव्याने बनवतो. हे सोळा ठरलेले. सात महिन्यांनी त्यांची तीच तीच वाक्यं तोंडपाठ झालीत, तीही चिडचिड आहेच. बोर्चाचं एखादं वाक्य सुरू झालं की मी एंटर दाबतो.

लॅपटॉपवर १५० माणसांची लढाई घेतली की पंखा विमानासारखा वाजतो, म्हणून मी ती ९० वर ठेवतो. कोणी विचारलं तर गेम घ्या असं मी सांगेन, पण त्यात गोष्ट शोधू नका, आणि पहिल्या आठवड्यात तो अवघड वाटला तर ते खरंच अवघड आहे.

मार्निडला बूट त्या रात्री मिळाले नाहीत. काल प्रावेनच्या बाजारात एक जोडी दिसली, चांगली, जाड चामड्याची. घेतली. मग लक्षात आलं, यिमिराच्या पायातही अजून फडकीच गुंडाळलेली आहेत.