सौभद्र की संशयकल्लोळ?

कार्तिकापासून शिगम्यापर्यंत गोव्यात कुठल्या ना कुठल्या देवळापुढे नाटक असतंच. समजा एकाच रात्री एका गावात ‘सौभद्र’ आहे, शेजारच्या गावात ‘संशयकल्लोळ’, आणि तुमच्याबरोबर संगीत नाटक कधीच न पाहिलेलं माणूस आहे. कुठे न्याल?

मी संशयकल्लोळला न्या म्हणेन. माझा स्वतःचा जीव सौभद्रात अडकलाय, हेही आधीच सांगून टाकतो.

किर्लोस्करांचं सौभद्र 1882 चं. सुभद्रा दुर्योधनाला द्यायची बलरामाची इच्छा, आणि ती अर्जुनाला मिळावी म्हणून कृष्णाने केलेली सगळी कारस्थानं. कृष्णाला शेवट ठाऊक, प्रेक्षकाला तर पाठच. त्यामुळे ‘पुढे काय’ ही ओढ नाही. ‘आता हा कसा गातो’ एवढीच. मंडपात माझ्या पुढच्या खुर्चीवर एक आजोबा होते. ‘प्रिये पहा’ सुरू झालं, तसे त्यांचे ओठ हलायला लागले आणि गुडघ्यावर तालाची बोटं पडू लागली. तान चुकली तेव्हा बोटं थांबली, मान नकारार्थी हलली. सौभद्र खरं बघायचं ते असं. नवख्याजवळ हे संचित कुठून असणार? आणि अर्जुनाचा गळा बसलेला असला तर मग विचारूच नका. एका उत्सवात पहिल्या पदालाच त्याचा आवाज चिरकला. तरी पुढची सगळी पदं हौसेने झाली, एकही गाळलं नाही. आम्ही घरी पोचलो तेव्हा कोंबडा आरवत होता.

संशयकल्लोळ कच्च्या गळ्यांनाही तारून नेतं. देवलांनी मूळ कल्पना मोलियेरच्या फ्रेंच प्रहसनावरून घेतली, आधी गद्यात लिहिलं, 1916 साली पदं घालून संगीत केलं. पण कृत्तिका बोलायला लागली की फ्रान्सचा वाससुद्धा येत नाही, पलीकडच्या वाड्यावरची वहिनीच वाटते. एक तसबीर हातोहात फिरते आणि फाल्गुनराव-कृत्तिका हे नवराबायको एकमेकांवर पाळत ठेवत बसतात. दोघांकडेही पुरावा डोळ्यांनी पाहिलेला, आणि दोघंही साफ चूक! पात्रांची नावं महिन्यांची नि नक्षत्रांची: अश्विनशेठ, रेवती, नोकर भादव्या. लहान मुलांना हे भारी आवडतं. ‘मृगनयना’ बरं जमलं की वन्स मोअर घ्यायचा, नाही जमलं तर फाल्गुनराव आहेच. मात्र संवाद भराभर पडले पाहिजेत. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी ऐकू यायला लागला की विनोद संपला.

‘एकच प्याला’बद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. दारुड्या तळीरामाच्या प्रवेशांसाठी मी कितीही दूर जाईन, पण नवऱ्याच्या दारूपायी सगळं सोसणाऱ्या सिंधूची सहनशीलता मला आता सोसवत नाही. बायका डोळे पुसतात आणि मला त्या नवऱ्याला, सुधाकराला, उठून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. पहिल्या खेपेला तरी नकोच. ‘मत्स्यगंधा’चं संगीत आमच्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं, म्हणून टीका करताना जीभ अडखळते, पण गाणी नाटकाच्या कितीतरी पुढे निघून गेली आहेत. घरी गाणी ऐका. ‘नटसम्राट’ उत्तम, पण ते बंद नाट्यगृहात. त्यातला म्हातारा नट बेलवलकर कळवळून बोलत असताना बाहेर जत्रेच्या फेरीतला पाळणा कर्र कर्र वाजला की सगळं मुसळ केरात.

तरीही सौभद्रालाच जायचं ठरलं, तर त्या गावच्या कुणाला तरी आधी फोन करून विचारा: यंदा अर्जुन कोण, आणि पेटीवर कोण बसतंय.