लेजंड्स ऑफ द हिडन टेंपल : त्या चांदीच्या माकडाने वेड लावलंय

लहान मुलांचे शो म्हटले की हल्ली एकच ठरलेलं चित्र, मुलगा रडतोय, आईबाबा रडतायत, परीक्षक पण रडतायत आणि मागे व्हायोलिन. ह्या सगळ्याचा कंटाळा आला असेल तर निकलोडियनचा हा जुना अमेरिकन शो शोधून बघाच. 1993 ते 1995 मधे झाला, 120 एपिसोड आहेत, ओरलँडोच्या स्टुडिओत शूट केलेला. पिक्चर क्वालिटी जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखी आहे पण मुलांना पाच मिनिटांनी ते जाणवतही नाही.

प्रकार असा की 6 टीम, प्रत्येकीत एक मुलगा एक मुलगी, नावं रेड जॅग्वार्स, पर्पल पॅरट्स, सिल्व्हर स्नेक्स वगैरे. आधी पाण्याचा खंदक पार करायचा, पहिल्या 4 टीम पुढे आणि बाकीच्या दोन ओल्याचिंब होऊन घरी, मला दरवेळी त्यांचं वाईट वाटतं, बिचारे टीव्हीवर येतात आणि दोन मिनिटांत खेळ खल्लास.

मग येते क्विझ, आणि ती मला सगळ्यात आवडते. ओल्मेक नावाचं एक भलंमोठं दगडी डोकं आहे (आवाज डी ब्रॅडली बेकरचा, एकदम खणखणीत), ते एक गोष्ट सांगतं आणि लगेच त्याच गोष्टीवर प्रश्न विचारतं. उत्तर येत असेल तर पायरीवर पाय आपटायचा, बरोबर आलं की एक पायरी खाली. म्हणजे जीके पाठ करून आलेल्या पोराला इथे काडीचा फायदा नाही, आत्ता सांगितलेलं नीट ऐकलंस का एवढाच सवाल. आमची कन्या, जी आईची हाक तिसऱ्यांदा ऐकते, ती ओल्मेक बोलायला लागला की घरात सगळ्यांना गप्प करते. गोष्टी मात्र अर्ध्या इतिहासाच्या आणि अर्ध्या फेकलेल्या, गॅलिलिओचा तोफगोळा एकवेळ ठीक आहे पण नॉस्ट्राडेमसच्या कुत्र्याचा हवेत तरंगणारा पट्टा पण आहे, त्यामुळे मुलांना सांगून ठेवा की हे शाळेत लिहायचं नाही.

मधले स्टंट, दोरीवर चढा, लटका, वस्तू गोळा करा, ठीकठाक आहेत, चारपाच एपिसोडनंतर सारखेच वाटतात. त्यात पेंडंट मिळतात, जास्त पेंडंट असलेली टीम देवळात जाते.

आणि देऊळ म्हणजे खरा शो. 3 मिनिटं, डझनभर खोल्या, प्रत्येक दाराची वेगळी भानगड, कुठे बटण, कुठे चावी, कुठे कोडं, आणि तीन खोल्यांत लपलेले गार्ड जे एकदम बाहेर येऊन पोराला धरतात. पेंडंट दिलं तर सुटका, नाहीतर बाहेर आणि मग जोडीदार आत. ओल्मेकच्या गोष्टीतली वस्तू आत लपवलेली असते, ती हातात आली की सगळी दारं उघडतात, गार्ड गायब, फक्त पळत सुटायचं.

पण त्याआधी एका खोलीतलं ते चांदीचं माकड! फक्त तीन तुकडे आहेत हो, बूड, धड, डोकं. एकावर एक ठेवायचे, बास. आणि पोरं धड उलटं लावतात, डोकं हातात घेऊन उभी राहतात, परत सगळं काढतात, घड्याळ पळतंय, प्रेक्षक ओरडतायत, इकडे सोफ्यावर आमचे बाबा "अरे फिरव ना ते, फिरव!" करून टीव्हीला सांगतायत. घरी बसून सोपं वाटतं खरं, पण डोक्यावर हेल्मेट, तोंडात माउथगार्ड, धाप लागलेली आणि कुठल्याही कोपऱ्यातून माणूस अंगावर येईल ही धास्ती, अशात आपलं पण माकड उलटंच बसलं असतं.

बहुतेक टीम हरतात, अंदाजे चारातली एखादी जिंकते. इथे शोचा दोषही आहे, चुकीचं दार बंद निघालं की हुशारी असून उपयोग नाही, निव्वळ नशीब. तरी मला हेच आवडलं की हरलेल्याला कोणी कुरवाळत नाही. वेळ संपली, संपली. होस्ट कर्क फॉग दोन शब्द बोलतो, पोरगं हसत असतं, विषय संपला. पोगोवर जावेद जाफरीच्या कॉमेंट्रीमधे तकेशीज कॅसल बघून जे हसायचे त्यांना हे जमेल, फक्त इथे पडणाऱ्यावर हसत नाहीत, त्याच्यासोबत घाम फुटतो.

2021 मधे मोठ्या माणसांना घेऊन नवीन काढला होता, एकाच सीझनमधे गुंडाळला. तिशीतला माणूस माकड जोडतोय ह्यात कसली मजा, तो सोडा.

माझ्याकडून पाचपैकी चार. सहासात वर्षांच्या आतली मुलं गार्डला घाबरू शकतात, पहिले एकदोन भाग शेजारी बसा. इंग्रजी भराभर आहे, गोष्ट संपली की पॉज करून मराठीत सांगा आणि मग प्रश्न सुरू करा, नाहीतर पोरं क्विझमधे हरली की भांडण तुमच्याशी.