सात कॅसेटी, एक पेनड्राइव्ह आणि आमच्या घरची देवकी

जुन्या व्हिडिओ कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणाऱ्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानाला चार तारे देतेय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

ठाकूरद्वारच्या आमच्या घरात पोटमाळ्यावर सात व्हीएचएस कॅसेटी होत्या. पाचांत 'तू तू मैं मैं', दोनांत 'श्रीमान श्रीमती', दोन्ही रीमा लागूंच्या हिंदी विनोदी मालिका. लेबलांवरचं अक्षर सासूबाईंचं. १९९४-९५ च्या सुमारास मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये संध्याकाळच्या पाळीला असायचे, म्हणून मालिका सुरू झाली की रेकॉर्डिंगचं बटण त्या दाबायच्या. सासू-सुनेची भांडणं सासूनेच सुनेसाठी टेप करून ठेवायची, हे आमच्याच चाळीत घडू जाणे. आई, म्हणजे सासूबाई, आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. श्रावणात एकदा म्हणाल्या, "रीमाची ती मालिका लाव गं." मोबाइलवर शोधून दिली, तर दोन मिनिटांत फोन परत केला. "ही नको. माझीवाली."

म्हणून लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत गेले. गाळा पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, कठड्याला हात लावलात तर काळा होणार. गुडघे दुखत असतील तर मुलाला पाठवा. आत कॅसेट चालवणारी तीन मशीनं, म्हणजे व्हीसीआर, एकावर एक, चौथा उघडून ठेवलेला, सुट्या भागांसाठी. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवलं. तेव्हापासून एक मशीन जगवायला दुसरं मारावं लागतं, असं दुकानदार म्हणाले.

दर कॅसेटमागे साडेतीनशे रुपये. महाग वाटलं, पण काम बघितल्यावर पटलं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही. आमच्या एका कॅसेटला बुरशी होती. मुंबईतले तीस पावसाळे काढलेत तिने, फितीच्या कडेला पांढरी साय धरलेली. तशीच मशीनमध्ये घातली तर फीत वाचणारं हेड खराब होतं आणि ती बुरशी पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागते. दुकानातल्या मुलाने ती माझ्यासमोर उघडली, फीत हाताने फिरवत पुसली. त्याचे दोनशे वेगळे. ते मी आनंदाने दिले.

एका कॅसेटमध्ये निम्म्यावरून अचानक क्रिकेटची मॅच निघाली. यात दुकानाचा काही दोष नाही. कॅसेटच्या मागची प्लास्टिकची पट्टी तोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, ती तोडायला आमचे 'हे' विसरले. तीस वर्षांनी चोरी पकडली गेली. दोन दिवस घरात 'तू तू मैं मैं' चालू होतं, तेही विनाजाहिरात.

जाहिरातींवरूनच पाचवा तारा गेला. दुकानातल्या मुलाने मला न विचारता सगळ्या जाहिराती कापल्या, त्याबरोबर दोन भागांची शेवटची नावंही उडाली. "काकू, सगळ्यांना क्लीन हवं असतं." अरे बाळा, क्लीन मोबाइलवर मिळतं. मला जाहिरात लागल्यावर आई चहा टाकायला उठायच्या तेवढी जागा हवी होती. मूळ फाइल त्याने ठेवली होती, म्हणून वाचलं. पुन्हा करून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण गणपतीचे दिवस, तीन आठवडे गेले. तेव्हा आधीच सांगा: काहीही कापू नको. पावतीवर लिहून घ्या.

आता चित्राबद्दल. टीव्ही मोठा असेल तर पुसट दिसतं, हलताना कडा फाटतात, वरच्या बाजूला एक रेघ थरथरते. आवाज मात्र ठणठणीत, आणि रीमा लागूंसाठी आवाजच हवा. कारण ही बाई मूळची रंगभूमीची. मूळ नाव नयन भडभडे. त्यांची आई मंदाकिनी भडभडेही नाटकातल्याच. बँकेतली नोकरी सांभाळून रीमांनी नाटकं केली. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये नाना पाटेकरांसमोर उभं राहायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. तो पाया 'तू तू मैं मैं'मध्ये कळतो. समोरची सून, सुप्रिया पिळगांवकर, बोलत असताना सासू झालेली रीमा, म्हणजे देवकी, नुसती ऐकते, आणि हशा त्या ऐकण्यावर येतो. शब्द टाकण्याआधी ती अर्धा श्वास थांबते. दिग्दर्शक सचिन पिळगांवकरांनी कॅमेरा त्या थांबण्यावर ठेवलाय, कापलं नाही. (दुकानातल्या मुलाने यातून शिकावं.)

सिनेमाने त्यांना काय दिलं? आईपण. 'कयामत से कयामत तक'मध्ये जुहीची आई, तेव्हा वय तीसही नव्हतं. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया'त सलमानची. 'वास्तव'मध्ये संजय दत्तची, आणि तो त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षाने लहान! भूमिका गाजल्या, 'वास्तव'मधली तर अंगावर येते. पण हसवणारी रीमा मोठ्या पडद्याने फारशी वापरलीच नाही, हा माझा राग आहे. 'श्रीमान श्रीमती'तली कोकिला कुलकर्णी आणि देवकी वर्मा टीव्हीने दिल्या, म्हणून पोटमाळ्यावरचं हे सामान मला हवं होतं.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आईंचा चष्मा, श्रवणयंत्र, उशी, सगळं जागेवर. पहिल्याच भागात त्यांनी विचारलं, "हिचं वय काय गं तेव्हा?" मी हिशेब केला. रीमाचा जन्म १९५८ चा, म्हणजे छत्तीस. सुप्रियाचा १९६७ चा. सासू सुनेपेक्षा नऊ वर्षांनी मोठी.

आई बराच वेळ बघत राहिल्या. "पोर होती की गं," म्हणाल्या. मग, "आता कुठे असते?"

१८ मे २०१७ ला त्या गेल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी. 'नामकरण' मालिकेचं शूटिंग चालूच होतं. ही बातमी आईंनी तेव्हा पेपरात वाचली होती, माझ्याशी बोलल्याही होत्या. मी म्हटलं, "असेल इथेच कुठेतरी, अंधेरीला." जाहिरात लागली आणि त्या सवयीने उठायला गेल्या. मीच उठले, चहा टाकला.

दुकान रविवारी बंद. दुपारी एकनंतर जा, आधी फोन करा. पेनड्राइव्ह स्वतःचा न्या, त्यांच्याकडचा दीडशेने महाग पडतो.