मॉर्गनटाउनला केलेला फोन: ‘जॉब अकोमोडेशन नेटवर्क’ या सेवेचा अनुभव

अमेरिकी सरकारला माल पुरवणाऱ्या न्यू जर्सीतील एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात मी काम करते, त्यामुळे १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टचे कलम ५०३ आमच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. अपंगत्वामुळे कोणाला डावलू नये एवढ्यावर हे कलम थांबत नाही. दिव्यांगांना नोकरीत घेण्यासाठी आणि बढती देण्यासाठी कंत्राटदाराने आपण होऊन प्रयत्न करावेत, अशी त्याची अपेक्षा आहे. २०१४ पासून त्याला कर्मचाऱ्यांमध्ये ७ टक्के दिव्यांग असावेत अशा लक्ष्याची जोड मिळाली. भारतातील सरकारी नोकऱ्यांमधल्या ४ टक्के आरक्षणासारखा हा कोटा नव्हे. लक्ष्य हुकले तर दंड होत नाही, पण ते कुठे आणि का हुकले याचा शोध घ्यावा लागतो. १ जुलै २०२५ रोजी कामगार खात्याने हे लक्ष्य आणि आपण दिव्यांग आहोत का हे कर्मचाऱ्यांनी स्वतः सांगण्याचा अर्ज रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. मूळ कलम मात्र अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यातले आहे, त्यामुळे ते या प्रस्तावाने रद्द होत नाही.

हे सारे आम्हाला एका खासगी सल्लागार संस्थेने चांगले पैसे घेऊन शिकवले, तक्त्यांनी भरलेली जाडजूड फाइलही दिली. परंतु बिले तपासणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याची दृष्टी अधू होत गेली आणि कामात काही सोय करून द्यावी अशी विनंती त्यांनी केली, तेव्हा त्या फाइलमध्ये उपयोगी पडेल असे एक पानही सापडले नाही.

तेव्हा मी वेस्ट व्हर्जिनियातील मॉर्गनटाउन येथून चालणाऱ्या ‘जॉब अकोमोडेशन नेटवर्क’ला फोन केला; दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी कामात कोणत्या सोयी करता येतील, याचा सल्ला ही सेवा देते. १९८३ साली सुरू झालेली ही सेवा कामगार खात्याच्या निधीवर चालते, ती विनामूल्य आहे आणि तेथील बोलणे गोपनीय राहते. पलीकडच्या बाईंनी आजाराच्या नावापेक्षा कामाचीच अधिक चौकशी केली: अक्षरे कागदावर वाचावी लागतात की पडद्यावर, खिडकी कोणत्या बाजूला आहे, दुपारनंतर त्रास वाढतो का? मग त्यांनी अक्षरे मोठी करणारे सॉफ्टवेअर, पुढेमागे सरकवता येणारा मॉनिटर आणि उन्हाची तिरीप टाळण्यासाठी टेबलाची दिशा बदलणे, असे तीन उपाय सुचवले. टेबल आम्ही त्याच दुपारी फिरवले; त्याला एक पैसाही लागला नाही. सहकारी आजही तेच काम करत आहेत, याचे मला मनापासून समाधान आहे.

या सेवेच्या मर्यादाही माहीत असाव्यात. येथे कायदेशीर सल्ला मिळत नाही, उपकरणांसाठी पैसे मिळत नाहीत आणि उमेदवारही पुरवले जात नाहीत. संकेतस्थळावर अपंगत्वाच्या प्रकारांनुसार विपुल माहिती आहे, पण तिच्यातून आपल्याला हवे ते निवडण्यात पर्यवेक्षकाचा बराच वेळ जातो, म्हणून मी फोनलाच पसंती देईन. फोन करताना कर्मचाऱ्याचे नाव सांगावे लागत नाही. त्याचा कामाचा दिवस कसा जातो, हे मात्र त्याच्याशी आधी बोलून लिहून ठेवावे.